अंगठ्यावरची हवा

माहेरी मला सगळे तोंडाळ म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण लग्न होऊन घणसोली गावात आले आणि माझी वाचाच बसली. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, आणि बोललीच तर पुटपुटल्यासारखं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. म्हणजे मनातल्या मनातच. मोठ्याने हाक मारायची वेळ कधी आलीच नव्हती.

मामांकडे एक जुनी पेट्रोलची जीप होती. मिठागराच्या मालकाकडे ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. मिठागर बंद झालं तेव्हा मालकाने ती त्यांना देऊन टाकली. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. गावाभोवती नव्या इमारती उठत होत्या आणि आमचा हा खटारा अर्धी गल्ली अडवून उभा. माझा नवरा वैतागला. "रविवारपर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल," असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं. मामा त्या दिवशी जेवलेच नाहीत.

दोष डिस्ट्रिब्यूटरचा होता. कुठल्या प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा हा छोटा डबा. त्याचा दांडा झिजून डुगडुगत होता. मामांनी तो काढून ठाण्याहून दुरुस्त करून आणला. काढताना इंजिनावर खुणाही केल्या होत्या. पण शेजारच्या लग्नाचा मांडव घालायला गल्लीतल्यांनी जीप गिअरमध्येच ढकलली, इंजिन फिरलं आणि खुणा गेल्या कामातून. आता टायमिंग पहिल्यापासून लावायचं होतं.

रविवारी नवरा पहिल्या पाळीला गेला होता. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. "सूनबाई, जरा ये इकडं."

त्यांनी पहिला प्लग काढला. "या भोकावर आंगठा दाबून धर. मी हँडल मारतो. हवेनं आंगठा उडवला की सांग." पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर टाकत, ठिणगी हवी ती हवा दाबताना, हे त्यांनी मला तेव्हाच समजावलं. खरं सांगते, या घरात मला इतक्या शांतपणे कुणी भाकरीसुद्धा शिकवली नव्हती.

मामा पुढे जाऊन वाकले आणि हँडल फिरवू लागले. पिस्टन वर आला की दिसणारी पुलीवरची कायमची खूण काट्यासमोर आली तसे थांबले. "आली हवा?"

माझ्या अंगठ्याला काहीच लागलं नव्हतं. मी पदराआडून म्हटलं, "नाही."

"आली ना? बरं." आणि हँडल सोडून ते उठलेसुद्धा.

आता पुन्हा सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. भरगल्लीत सासऱ्यांवर ओरडणारी सून! समोरच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या टपून बसलेल्याच होत्या. शिवाय म्हटलं, तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी काय शिकवणार? बसले गप्प.

मामांनी डिस्ट्रिब्यूटर हलक्या हाताने त्याच्या जागी उतरवला. त्यातल्या पॉइंटमध्ये, म्हणजे सुटताना ठिणगी पाडणाऱ्या दोन टिकल्यांमध्ये, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि कागद सैल होईपर्यंत डबा तसूतसूने फिरवला. मग वायरी एकेक करून लावल्या. काम देवपूजेसारखं चाललं होतं आणि मी आतल्या आत चरफडत होते.

हँडल मारलं. ठ्ठो! पुन्हा मारलं, पुन्हा ठ्ठो! गल्ली जमली. "काका, दिवाळीला वेळ हाय अजून!" कुणीतरी ओरडलं. चौथ्या वेळी हँडलने उलटा फटका दिला. मामा मनगट धरून ओट्यावर बसले आणि जरा वेळाने पाने पुसून पेटीत ठेवू लागले.

"जाऊ दे," म्हणाले. "नेऊ दे उद्या त्याला."

मला भडभडून आलं. राग त्यांचा नव्हता, माझाच होता.

"मामा!" मी ओरडले. "हवा आलीच नव्हती!"

सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मामांनी मान वर केली. "मंग तवाच का नाय बोललीस?"

"बोलले मी. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

बोलून बसले आणि जीभ चावली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारा माणूस अशी मामांची गावात ख्याती, आणि त्यांचे कान गेलेत हे मी चारचौघांत सांगून टाकलं होतं. त्यांनी पेटीत ठेवलेले पाने पुन्हा बाहेर काढले. मग उठले.

"चल. धर आंगठा."

या वेळी हवेने अंगठा फाडकन उडवला. "आली!" ही माझी आरोळी पार खाडीपर्यंत गेली असेल. डिस्ट्रिब्यूटर काढून पुन्हा बसवला आणि दुसऱ्याच हँडलला जीप घरघरली. मामा डबा किंचित इकडे-तिकडे फिरवत होते, पण बघत होते माझ्या तोंडाकडे. "आता?" "नाही, अडखळतंय!" "आता?" "हां, आता बरोबर!" त्यांनी नट आवळला.

सोमवारी सकाळी भंगारवाला यायच्या आधीच मामांनी जीप बाहेर काढली. बेलापूरपर्यंत चक्कर मारून येऊ म्हणाले, मलाही चल म्हणाले. मी रीतीप्रमाणे मागे चढू लागले, तर त्यांनी पुढच्या सीटवरची धूळ हाताने झटकली.

"पुढं बस," म्हणाले. "आन मागून हॉर्न वाजला की सांग. मोठ्यानं."