साट्यात आलेला हेन्री

शिकायला अमेरिकेत गेलो मी, आणि किस्से घडले मेहकरात. निम्मे माय सांगते, निम्मे रहीमचाचा. चाचांचं कापडाचं दुकान आमच्या भिंतीला लागून, त्यामुळं आमच्या घरातलं त्यांना आमच्याआधी कळतं. बैठक बसली की एखादा नवा निघतोच, आणि मी तिकडं काय शिकलो हे सांगायचं राहूनच जातं.

योजना साधी होती. नागपूरच्या आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी वर्षभर तिकडं, तिकडचा एक इकडं. तिकडच्या हेन्रीला कपाशीची शेती पाहायची होती, म्हणून तो आमच्या घरी राहणार.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे मायला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे साटंलोटं. मंग असं सांगा ना सरळ."

माय स्वतः या घरात साट्यातच आलेली. ती इथं, आणि तिच्या बदल्यात माझी आत्या मामाच्या घरी. तिकडं आत्याला कोणी बोललं, की इकडं सासू मायशी बोलणं टाकायची. म्हणून मायचा हिशेब पक्का होता: हेन्रीला इथं जसं ठेवू, तसं तिकडं माझ्या पोराला ठेवतील. पोरगं धड परत यावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

*

पहिल्याच दिवशी जेवण झालं, आणि हेन्री आपलं ताट उचलून मोरीकडं निघाला. मायचा चेहरा उतरला.

"जेवन आवडलं नाही का त्याले? ताट काऊन उचललं?"

दादांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. तिकडं आपलं ताट आपणच धुतात, असं तो म्हणाला. माय धावतच गेली आणि त्याच्या हातातलं ताट ओढून घेतलं.

"तू बस बाबा. तू इथं घासशीन, तं माह्या पोराले तिथं घासा लागन."

त्या दिवसापासून हेन्रीला घरात कशालाही हात लावायची बंदी.

*

तिकडं मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहत होतो. पहिलं जेवण झाल्यावर मी आपल्या सवयीनं पेल्यातलं पाणी घेतलं, ताटातच हात धुतला आणि उठलो. म्हातारीनं ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दिवा मालवून झोपायला गेली.

सकाळी नाश्त्याला येऊन पाहतो तर ते ताट तसंच माझ्या जागेवर, पाण्यासकट!

जन्मात पहिल्यांदा ताट घासलं. खरं सांगतो, रडू आलं. एवढं मोठं घोडं झालो होतो, आणि तोवर माझं उष्टं कोण काढतं याचा कधी विचारच केला नव्हता. मग ताटावरून कपडे आले, कपड्यांवरून चूल आली. हिवाळ्यात म्हातारी आजारी पडली तेव्हा तिला मऊ भात मीच करून घातला. त्या दिवसापासून परक्या मुलखाची भीती गेली.

*

हेन्रीला लोणारचं सरोवर पाहायचं होतं. माय सोडेना. "पान्यात गेला तं मी काय तोंड दाखवू?" शेवटी रहीमचाचांनी जिम्मा घेतला. कड उतरताना त्यांनी आपल्या पटक्याचं एक टोक हेन्रीच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

वाटेत एक शिपाई भेटला. साहेबाला सलाम ठोकावा, की साहेबाला बांधून नेणाऱ्याला धरावं, त्याला काही सुचेना. "काय आहे हे, चाचा?"

"अमानत आहे बाप्पा," चाचा म्हणाले. "परत द्याची आहे."

शिपायानं सलाम ठोकला. कोणाला, ते चाचा अजून सांगत नाहीत.

*

पावसाळ्यात हेन्रीला ताप भरला. मायचं अन्न तुटलं. दादा तिकडं कळवायला निघाले तर ती दारात आडवी झाली. "बरा झाल्याबिगर कळवू नका. नाही तं माह्या पोराचे हाल करतीन."

ताप उतरला, हेन्रीनं भाकर मागितली, तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली. चाचांना म्हणाली, "जीव भांड्यात पडला, भाऊ. दोनी पोरं वाचले."

*

वर्ष संपलं. हेन्रीची जायची वेळ झाली, तरी माय त्याला सोडेना. "आपलं आल्याबिगर त्यायचं देत नाही." म्हणून मी घरी पोचलो तेव्हा हेन्री घरातच होता, आणि त्याला मोटारीपर्यंत पोचवायला बैलांची दमणी दारात उभी होती.

मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपले. "धड आहे," म्हणाली. मग डोळे पुसले आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी वाढलं.

जेवण झालं. मी माझं ताट उचललं, मोरीवर गेलो आणि राखेनं घासायला लागलो. हेन्रीनं ताटात हात धुतला, मोठी ढेकर दिली आणि भिंतीला टेकून सुपारी मागितली.

माय एकदा त्याच्याकडं पाही, एकदा माझ्याकडं. मग दादांना म्हणाली, "बैल जुपू नका अजून. कोनतं परत द्याचं, ते पाहू द्या."