लाल झबल्यांचा लॉट

नव्वदच्या दशकात मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत कपड्यांच्या एका कंपनीत चेकर होते. सगळा माल सुती आणि सगळा परदेशात जाणारा. शिवून आलेला पीस उलटासुलटा करायचा, शिवण ओढून बघायची, डाग दिसला की बाजूला टाकायचा. माझ्या हातून खराब पीस सुटत नाही असं आमच्या खात्याचे मास्तर म्हणायचे, आणि मला त्याची मस्ती होती, लपवू कशाला? तेव्हाच सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. ती मलाच मिळणार, असं सगळेच धरून चालले होते.

त्याच दिवसांत तान्ह्या बाळांच्या लाल झबल्यांचा अख्खा लॉट परदेशातल्या पार्टीने नाकारला. रंग सुटतो म्हणून. का सुटतो ते आम्हाला ठाऊक होतं. कापड रंगवणाऱ्याकडे त्या आठवड्यात पाणी कमी आलं होतं, वर माल द्यायची घाई, म्हणून जादा रंग काढणारी, गरम साबणाच्या पाण्यातली शेवटची धुलाई त्याने सरळ गाळली होती.

नाकारलेल्या मालाची आमच्याकडे ठरलेली रीत होती. मानेजवळचं लेबल कापायचं आणि माल वाशीच्या फुटपाथवर सोडायचा. ‘एक्सपोर्टचा माल’ म्हणून बायका तुटून पडायच्या. मीही घेतलेत. पण त्या कपड्यांचं बटण वाकडं असायचं, फार तर शिवण तिरकी. मास्तरांनी ही झबलीही तशीच माझ्यापुढे ओतली, कात्र्या दिल्या आणि बायकांना घेऊन संध्याकाळपर्यंत उरका म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तिकडच्या बाळांना चालत नाही ते आमच्या बाळांना चालतं? आमची काय रस्त्यावर पडलीत? बाळ दुसरं काय करतं, बाही तोंडात घालतं आणि चोखत बसतं. मी एका झबल्याची बाही सगळ्यांसमोर तोंडात घातली, चांगली चोखली आणि तशीच मालकांच्या केबिनमध्ये शिरले. जीभ बाहेर काढून दाखवली. लालभडक झाली होती. साहेब आधी हसले. मग म्हणाले, इथे कोण टेस्ट करायला बसलंय, तुम्ही कशाला टेन्शन घेता.

साहेबांना नुकतीच नात झाली होती, पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते. मी झबलं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“साहेब, हे घरी न्या. नातीला घाला. मग सगळी लेबलं मी स्वतः कापते.”

त्यांनी झबलं बाजूला सारलं. मग फोन उचलून लॉट रंगवाल्याकडे परत धुवायला पाठवायला सांगितला. आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, उद्यापासून तुम्ही धागे कापायला बसा. म्हणजे सगळ्यात खालचं काम, गेली सुपरवायझरची जागा. वाईट वाटलं का? वाटलं तर! पण बाहेर आले ती ताठ मानेने.

दुसऱ्या दिवशी धागे कापायला बसले, तर शेजारी खाडीकाठच्या गावातली एक बाई. तिचा नवरा मासे धरायचा. मला वाटलं, आता ही माझं कौतुक करणार. तिने हातातला धागा तोडला.

“बरं केलंस. पन तो रंग धुतल्यावर जानार कुटं? त्या रंगवाल्याचा नाला आमच्याच खाडीत येतो.”

माझा चेहराच पडला. बाळांच्या तोंडातला रंग मी मोठ्या रुबाबात काढला होता आणि तिच्या दारात ओतून मोकळी झाले होते. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

जेवणाची सुट्टी झाली तसा मी तिचा हात धरला. ती नको नको म्हणत होती, नोकरी जाईल म्हणत होती. गेली तर दोघींची जाईल, म्हटलं. केबिनमध्ये तिला साहेबांसमोरच्या खुर्चीत बसवलं, आणि मी आतून दार लावून घेतलं.