सईला हाक मारायची राहिली

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो माझ्या लेखी नसतोच. तरी हे लिहितेय, कारण गेल्या सप्टेंबरपासून ते डोक्यातून जात नाहीये...

आम्ही जर्मनीत, रेगेन्सबर्गला राहतो. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. रविवारी इथे दुकानं बंद, मग त्यांना आणि चार वर्षांच्या सईला घेऊन मी जवळच्या गावातलं चित्रांचं म्युझियम बघायला गेले. म्युझियम म्हणजे मेक्सिकोत धंदा करून परतलेल्या कुणा व्यापाऱ्याने बांधलेलं घर. स्पॅनिश लोक तिकडे वसाहतीत बांधायचे तसंच — जाड पांढऱ्या भिंती, लाल कौलं, मधे चौक, वर लाकडी सज्जा. वरच्या खोलीत सई एका चित्रासमोर फतकल मारून बसली. चित्रात काय, तर रिकामं अंगण. "चल गं," म्हटलं की "नोख निश्ट." अजून नाही म्हणे. शेवटी उचलूनच खाली आणली.

आता सासूबाईंची एक सवय. पोराला घेऊन परक्या घरातून निघताना दारातून आत हाक मारायची, "चल गं सई, घरी चल." तीनदा. पोराचं मन मागे राहू नये म्हणून. त्यांनी तोंड उघडलं मात्र, मी दबक्या आवाजात म्हटलं, "अहो आई, इथे नको. लोक बघतायत."

खरं तर तिकिटाच्या टेबलामागच्या बाई सोडल्या तर कुणीच नव्हतं. मला लाज वाटली, बस. त्या हाक न मारताच बाहेर पडल्या.

सोमवारपासून सई बोलेना. ताप नाही, सर्दी नाही. भरवलं तर गिळायची, बसवलं तिथे बसायची. किंडरगार्टनमधून दोनदा फोन आला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस वाट बघू. वाट कसली बघतेय... जीव टांगणीला लागला होता माझा. लॅपटॉप उघडून नुसती बसायचे. सासूबाईंनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

गुरुवारी मीच म्हटलं, "आई, चला, हाक मारून येऊ."

सईला नवऱ्याजवळ ठेवलं. तो म्हणाला, "तूसुद्धा?" मी गाडीची किल्ली उचलली.

दुपारी तीनला म्युझियमच्या दारात उभं राहून सासूबाईंनी हाक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मीही मारली, चांगली मोठ्याने. आतल्या लाकडी जिन्यावर पावलं वाजली — लहान, धावत उतरणारी. तिकिटाच्या बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "बिटे निश्ट रेनेन." पळू नकोस. मग त्यांनी वर पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. त्यांचाही चेहरा पांढरा पडला.

गाडीपाशी पोचतोय तोच नवऱ्याचा फोन. "सई बोलली गं. वरणभात मागतेय." तो रडत होता.

तो आता म्हणतो, योगायोग. आपोआप बरी झाली. असेलही. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही, त्या पावलांचं तर नाहीच नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर सई माझ्या कुशीत शिरली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, मी किती हाका मारल्या तुला."

कुठून, ते मी विचारलं नाही. अजूनही हिंमत होत नाही.