चिकाचे डाग पडलेली त्रेसष्ट पुस्तकं

"बाई, तू पुस्तकं पुसायची. निवडायला शिकलेली माणसं लागतात."

नाना असं म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, चहाच्या कपाकडे बघून. मग त्या कपालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आणि साखर कमी टाकत जा."

कमिटीचे सहाच्या सहा जण हसले. एक तर इतका हसला की त्याच्या तोंडातलं बिस्किट यादीवर सांडलं. मी पुढे होऊन फडक्यानं पुसलं. माझं कामच ते.

जळगावातलं हे वाचनालय. मी तिथली मदतनीस. अकरा वर्षं झाली. झाडते, पुसते, चहा करते, नंबराप्रमाणे पुस्तकं लावते. बारावी पास आहे. माझा बाप शिंदखेड्याला चपला शिवायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कमिटीला ते माझ्या हातचं पाणी पिण्याआधीच कळलेलं होतं. त्यांना असल्या गोष्टी बरोबर कळतात. पुस्तकातलं मात्र काही कळत नाही.

नाना अध्यक्ष. मोठा माणूस. इतका मोठा की दारातून आधी पोट येतं, मग पाच मिनिटांनी नाना. त्यांची सून कमिटीची सचिव. तिला सगळे वहिनीसाहेब म्हणतात. मीही म्हणायचे.

आमचं वाचनालय यावलकडच्या अकरा गावांतल्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या पाठवतं. पाचवी ते सातवीच्या पोरांसाठी. हे वय लय अवघड. चिऊकाऊ दिली तर म्हणतात, आम्ही काय बाळं आहोत? मोठ्यांचं दिलं तर पान तीनवर घोरतात. या वयाच्या पोराला हसायला पाहिजे, भ्यायला पाहिजे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कुणातरी मोठ्या माणसाची फजिती झालेली बघायला पाहिजे. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. मी पेट्या घेऊन एस.टी.नं जाते. पोरं माझ्यासमोर वाचतात. मला डोळे आहेत.

तर त्या दिवशी वर्षभर फिरून आलेल्या पेट्या उघडल्या होत्या. एप्रिल महिना. जळगावचा एप्रिल म्हणजे रस्त्यावर पापड टाकला तर भाजून मिळतो, आणि उचलायला वाकलात तर तुम्हीही. आत मात्र एसी. कमिटी थंडगार. वहिनीसाहेबांनी टेबलावर दोन ढीग केले होते.

एक ढीग स्वच्छ. जणू आत्ताच छापखान्यातून न्हाऊन आलेला. थोरांचं बालपण, वेळेचं महत्त्व, पाणी वाचवा, आईवडिलांची सेवा. त्यात नानांनी स्वतः लिहिलेलं सुविचारांचं पुस्तकही होतं. प्रत्येक पेटीत चार प्रती.

दुसरा ढीग काळा पडलेला. कोपरे मुडपलेले, बांधणी सुटलेली, पानापानावर तपकिरी-काळे अंगठे. एका पानावर शेवभाजीचं तेल इतकं, की खालचं पान आरपार वाचता यायचं.

वहिनीसाहेबांनी दोन बोटांनी त्यातलं एक पुस्तक उचललं. मेलेला उंदीर उचलावा तसं. "ही बघा. नुसती घाण. आणि ही स्वच्छ बघा, किती छान सांभाळलीत मुलांनी. म्हणजे आवडलीत."

नाना म्हणाले, "मग तीच घ्या पुन्हा. दुप्पट. ही काळी बाद करा."

असा न्याय. जे पुस्तक कुणी हातात धरलं नाही ते पास. जे पोरांनी झिजेपर्यंत वाचलं ते नापास.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बोलायला नको होतं. बोलले. "नाना, ही घाण नाही. केळीचा चीक आहे. पोरांच्या आया केळीचे घड कापायला जातात, सुट्टीच्या दिवशी पोरंही जातात. तो चीक हाताला लागला की निघत नाही. ज्या पानापर्यंत डाग, त्या पानापर्यंत पोरानं वाचलं. ही त्रेसष्ट पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत काळी आहेत. ती स्वच्छ उघडलीच नाहीत कुणी."

त्यावर नाना ते म्हणाले. पुसायची आणि निवडायची.

आणि वहिनीसाहेब म्हणाल्या, "अशा घरातल्या मुलांना आधी हात धुवायला शिकवणारं पुस्तक द्यायला हवं." लगेच यादीत लिहिलंसुद्धा. स्वच्छतेवरचं पुस्तक, प्रत्येक पेटीत पाच.

सगळे पुन्हा हसले. आणि आता खरं सांगते. इतका वेळ थापा मारत आले, पण ही थाप नाही. मीही हसले. ट्रे हातात धरून, दात काढून, त्यांच्याबरोबर हसले. ते माझ्यावर हसत होते, यावलकडच्या माझ्या वाचणाऱ्या पूनमवर हसत होते, माझ्या बापाच्या आरीवर हसत होते, आणि मी त्यांना साथ देत होते.

घरी जाऊन आईला फोन केला. ती शिंदखेड्यालाच असते. तिला वाटलं मी नानांची तक्रार करते आहे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बठ्ठा हासनात ते हासनात. तू का बर हासनी व?"

मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला. रेंज चांगली चार काड्या होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तापीचा पूल ओलांडून यावलच्या बाजूच्या एका गावात गेले. त्या शाळेतली उरलेली पुस्तकं गोळा करायची होती. जाताना वहिनीसाहेबांनी बजावलं होतं, मुलांना स्वच्छतेबद्दल बोल.

मी बोलले.

हेही लिहिते. सातवीच्या वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "पुस्तकं किती घाण केलीत रे. हात धुवून घेत जा. नाहीतर मिळणार नाहीत." वहिनीसाहेबांचाच आवाज. फक्त साडी स्वस्तातली.

पूनम पहिल्या ओळीत बसली होती. बारा वर्षांची. तिची आई केळीच्या बागेत मजुरीला. या पोरीनं आमच्या पेटीतलं एक पुस्तक तीनदा वाचलं होतं. त्यात एक विहिरीतलं भूत असतं, त्याला पाढे येत नाहीत, आणि सरपंचाला घाबरवायला गेलं की सरपंचच त्याला कामाला लावतो. पूनम दुपारच्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचायची तेव्हा पोरं इतकी हसायची की पत्रे उडून सातपुड्यात जाऊन पडायचे. आम्ही ते गोळा करून आणायचो. बरं, पत्रे उडाले नाहीत. पण मास्तर दोनदा बघायला आले, हे खरं.

ते पुस्तक तिच्या मांडीवर होतं. माझं बोलणं झाल्यावर ती उठली. पुस्तक टेबलावर ठेवलं. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली,

"मी धुतले होते मॅडम. राखेनं घासले बी. चीक निघत नाही."

मी म्हटलं, "अगं, तुला नाही म्हटलं."

"मलेच म्हटलं तुमी. मले नको आता पुस्तक."

आणि जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी जवळ घेऊन समजूत काढली असती, मला मोकळं वाटलं असतं. तिनं मला ती संधी दिली नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात जो जाळ झाला, त्यावर सगळ्या खानदेशाचं भरीत भाजून निघालं असतं. आधी नानांवर. मग वहिनीसाहेबांवर. पण भुसावळ येईस्तोवर कळलं, त्यांनी फक्त काठी दिली होती. मारली मी. अकरा वर्षं मी त्यांचं टेबल पुसत नव्हते, त्यांचं बोलणं पाठ करत होते.

शनिवारी कमिटी पुन्हा बसली. मला हुकूम होता, त्या त्रेसष्ट पुस्तकांवर 'बाद' असा शिक्का मारून ठेव, दुपारी रद्दीवाला येईल.

मी चहा केला नाही. शिक्का हातात घेऊन आत गेले आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "हा मी मारणार नाही."

नाना म्हणाले, "काय झालं हिला?"

मी स्वच्छ ढिगातलं पुस्तक उचललं. नानांचंच. त्यांच्यासमोर उघडायला गेले तर उघडेना. वरची कड कापायचीच राहिली होती. पान अठ्ठावीस आणि एकोणतीस यांचं छापखान्यापासून जे लग्न लागलेलं, ते अजून सुखात नांदत होतं. जबरदस्तीनं वेगळं केलं तर टर्रकन आवाज आला. सगळ्या हॉलनं ऐकला.

"अकरा गावं, वर्षभर, चव्वेचाळीस प्रती," मी म्हटलं. "सगळ्या अशाच. हवं तर एकेक फाडून दाखवते."

कुणी दाखव म्हणालं नाही.

मग काळ्या ढिगातलं विहिरीतल्या भुताचं पुस्तक उघडलं. पान एक, अंगठा. पान दहा, अंगठा. पान चाळीस, जिथे सरपंच भुताकडून गटार साफ करून घेतो, तिथे सात-आठ अंगठे. वेगवेगळ्या मापाचे. "हे वाचलंय का तुमच्यापैकी कुणी?"

सगळे यादीत बघायला लागले.

वहिनीसाहेब म्हणाल्या, "आम्हाला इतका वेळ असतो का?"

"मग निवडलं कसं?"

"तू मर्यादेत राहा."

"अकरा वर्षं राहिले."

नाना लाल झाले. म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. आणि हा कचरा आधी उचल इथून."

हेच मला पाहिजे होतं. मी म्हटलं, "वहिनीसाहेब, नाना काय म्हणाले ते मिनिटबुकात लिहा. कचरा हिनं उचलावा." त्यांनी रागारागात लिहिलंही. मग मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुस्तकं दोन पोत्यांत भरली, रिक्षा बोलावली आणि घरी घेऊन आले. खाली रद्दीवाला भेटला. म्हणाला, "अक्का, माझा माल नेताय तुम्ही." मी म्हटलं, "दादा, वर दुसरा ढीग आहे. एकदम कोरा. तो ने."

नोकरी गेली. नवरा चार दिवस बोलला नाही. हे काही कुणी टाळ्या वाजवाव्यात असं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यातली काही पुस्तकं दोन पिशव्यांत घालून त्या गावी गेले. मास्तरांनी येऊ दिलं. वर्गात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मागच्या वेळी मी जे बोलले ते चुकीचं होतं. तुमच्या हाताला घाण नाही. घाण माझ्या तोंडात होती." पोरं टकमक बघायला लागली. मोठं माणूस चूक कबूल करताना त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं. मग पिशव्या ओतल्या. पाच मिनिटांत जमीन रिकामी. दोन पोरांची एका पुस्तकावरून मारामारी झाली. सोडवायला मी अजिबात घाई केली नाही.

पूनमनं घेतलं नाही.

मी विहिरीतल्या भुताचं पुस्तक तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "ठेवा तिथं. पाहू."

त्यानंतरच्या गुरुवारीही घेतलं नाही. मी तिला गोड बोलून वळवणार नाही. माफी मागितली म्हणजे तिनं वाचलंच पाहिजे, असा काही कायदा नाही. तिनं आयुष्यात पुन्हा पुस्तक हातात धरलं नाही, तर ते माझ्या नावावर राहील. नानांच्या नाही. माझ्या.

जूनमध्ये शाळा उघडतील. नानांच्या नव्या पेट्या त्या अकरा गावांत जातील. त्यात तीच पुस्तकं, दुप्पट. जाऊ देत. प्रत्येक गावात मी आधी पोचलेली असेन. शाळेच्या ओट्यावर त्यांची पुस्तकं आणि माझी शेजारी-शेजारी मांडणार. गावातल्या आयांना, बापांना, मास्तरांना बोलावणार. पोरं काय उचलतात ते सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघायचं. नानांनाही चिठ्ठी पाठवली आहे. आले तर येतील.

आणि पोरांना मी एवढंच सांगणार, घ्या. कोणतं चांगलं, ते एकालाही सांगणार नाही.