माडीवरची देवी

"लोटो बहार काढ. अडती नहीं."

तांब्या बाहेर काढ, शिवू नकोस. मी खिडकीच्या गजांतून तांब्या धरायची आणि शेठाणी हातभर उंचावरून पाणी सोडायची. निम्मं तांब्यात, निम्मं माझ्या कोपरावरून जमिनीवर. गावात विहिरीवर आजीला असंच पाणी मिळायचं. बापाने ते गाव सोडलं, धर्म बदलला, देवघरातले टाक तापीत सोडले आणि सुरतेला येऊन लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला लागला. एवढं सगळं करून पाणी पुन्हा वरूनच.

घरात देवी आल्या होत्या त्या माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला. सात वर्षांची. देवी टोचणारे आले तेव्हा आईने तिला गोधड्यांखाली लपवलं होतं, दंड सुजतो म्हणून. आमच्यात सगळ्याच आया लपवायच्या. मग ताप आला, फोड उठले. सरकारी देवी डॉक्टर सांगून गेला, खपल्या पडेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. त्याने सांगितलं तेवढंच. दाराला बाहेरून कुलूप घातलं ते शेठने. चाळ त्याची, नळ त्याचा, खातंही त्याचंच. आणि बाप? बापाला टोचून खात्यातच ठेवून घेतलं. घर विटाळलेलं, पण लूम बंद पडता कामा नये!

पत्र्याची खोली. दुपारी पत्रा तापला की श्वास कोंडायचा. कोपऱ्यातल्या मोरीतच सगळं उरकायचं, तिच्याशेजारी रांधायचं. आधी लाज वाटली, मग लाजेचाही कंटाळा आला. बेबीचे डोळे चिकटलेले. मला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, तोंडभर व्रण. चाळीतली पोरं मला चाळणी म्हणायची. मला पुन्हा देवी येणार नव्हत्या, तरी मीही कोंडलेली.

शेठाणी म्हणायची, तुम्ही माता नदीत बुडवली म्हणून ती कोपली. म्हणजे आमची देवी खानदेशातून पोहत पोहत आमच्यामागे सुरतेला आली! एवढा जीव लावला असता तर आम्ही तिला सोडलीच नसती.

मग एके दिवशी शेजारच्या माडीवरून, शेठच्या घरातून, फोडणीचा वास येईनासा झाला. दुसऱ्या दिवशीही नाही. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत. वर शेठचा नातू रडत होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दिवेलागणीला शेठ खिडकीशी आला. आमच्याशी तो हिंदी बोलायचा.

"तेरे को तो माता निकल चुकी है. अब नहीं लगेगी. मुन्ने के पास कोई बैठता नहीं. मैं ताला खोलता हूँ, पिछली सीढ़ी से आ जा. किसी को बोलना नहीं."

जिचा तांब्या चालत नव्हता तिचे हात चालणार होते. अंधारात. मागच्या जिन्याने.

त्या पोरावर माझा राग नव्हता. बेबीसारखंच तेही तळमळत असणार. मी म्हटलं, "आऊँगी. लेकिन दिन में, आगे के दरवाजे से. और डॉक्टर को बोल दो, ऊपर भी देवी है."

शेठ हसला. "आगे से? तू?"

सकाळी शेठाणी पाणी घेऊन आली नाही.

दुपारपर्यंत माठ कोरडा पडला. बेबी ओठ चाटत होती. आई रडायला लागली. "जाय वं माय. खोली गयी ते आपुन कथा जावानं?" खोली गेली तर जायचं कुठे, हे खरंच होतं; मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. खोटं कशाला सांगू, माझा धीर सुटला होता. बेबीसाठी मी शेठला हाक मारायला खिडकीशी गेलेच.

बाहेर गल्लीत देवी डॉक्टर उभा होता. माडीकडे मान वर करून विचारत होता, आणखी कुठे कुणाला? सज्ज्यातून शेठाणी म्हणाली, "ना भाई, बीजे क्यांय नथी. आ लोकोमां ज छे."

या लोकांतच आहे!

माझं डोकं फिरलं. गज धरून ओरडले, "ऊपर भी है! शेठ के पोते को भी है! और हमारा पानी बंद किया है!" आई माझं तोंड दाबायला धावली. मी तिचा हात झटकला आणि पुन्हा ओरडले. अख्खी गल्ली ऐकत होती.

डॉक्टर माडीवर गेला. उतरला तेव्हा शेठच्या दारात पहारा बसला. आमचं कुलूप त्याने काढायला लावलं आणि पहारेकऱ्याला आधी आमच्याकडे पाणी द्यायला सांगितलं. बेबी इतकं प्यायली की तिला ठसका लागला.

बेबी वाचली, पण तिचा डावा डोळा गेला. शेठचा नातूही वाचला. बरं झालं. खपल्या पडल्यावर शेठचा निरोप आला. पोरीने शीतळामातेच्या देवळाबाहेर नाक घासावं. आमच्या पापाने माता माडीवर चढली, असं सगळ्यांदेखत म्हणावं. तर खोली राहील, बापाचं लूमही राहील.

बाप घरी आला होता. निरोप ऐकून माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "तूच सांग, पोरी."

मी भांडी बांधायला घेतली.

पुढे बमरोलीकडे एका खात्यामागे पडवीत राहिलो. बापाला काम मिळेपर्यंत उपास घडले, बेबीलाही घडले, तो सल अजून आहे. आई मरेपर्यंत म्हणायची, एकदा नाक घासलं असतंस तर काय झिजलं असतं? मी तिच्याशी वाद घातला नाही. पण खरं बोलल्याची माफी मी मागणार नाही. त्या देवळाबाहेर नाही, कुठल्याच देवळाबाहेर नाही.