चिलखतात अडकलेला मंत्र

...तर वेल्डरची मेहुणी विहिरीत लोंबकळत होती आणि काल आपण गोष्ट तिथेच टाकून जेवायला उठलो. विहीर खरी नव्हे, खेळातली. वेल्डरच्या घरी रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून तो खेळ मांडतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, वेल्डरच्या लेकीने गोष्ट पुढे न्यायची, आणि जमेल की फसेल ते फाशांनी ठरवायचं. मेहुणी चोरटी, शेजारचा पोस्टमन तलवारबाज, आणि वेल्डर जादूगार.

आता जादूगार म्हटला की अंगात सैल झगा. पण ह्या गड्याचा जन्म ठिणग्यांत गेलेला. चामडी हातमोजे चढवल्याशिवाय त्याने कधी कामाला हात घातला नाही, तेव्हा त्याचा जादूगारही मानेपासून पायापर्यंत लोखंडात. पोस्टमन म्हणायचा, "जादूगार कसला, पाण्याचा बंब आहे हा."

आणि तिथेच मेख होती. चिलखत घालून मंत्र टाकायचा तर आधी दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. पस्तीस किंवा त्याखाली आकडा आला की मंत्र वाया.

"पण का?" वेल्डरने विचारलं. "मंत्र तोंडाने म्हणायचा. तोंड तर माझं उघडंच आहे."

"ते आम्हाला ठाऊक आहे," पोस्टमन म्हणाला.

लेक म्हणाली, "नुसत्या तोंडाचा मंत्र असता तर चाललं असतं, बाबा. मावशीला वर ओढायच्या दोरीच्या मंत्राला हातवारे लागतात. हात अडला की मंत्र अडला."

त्याला राहवेना. आत जाऊन कामाचं जाडजूड जाकीट नि हातमोजे चढवून आला, आणि लेक दाखवेल तसं डोक्यावरून वर्तुळ काढून अंगठा करंगळीला भिडवू लागला. खांदा अर्ध्या वाटेत अडे, बोटं वांग्यासारखी ताठ. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गडी खूश. "खरंच की. ज्याने नियम केला त्याने हे घालून बघितलेलं दिसतंय."

मेहुणीला हसू आलं नाही. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. ह्या चोरटीपायीच रविवारी इथे येऊ लागली होती, आणि त्या दिवशी आल्या आल्या बहिणीला, म्हणजे वेल्डरच्या बायकोला, म्हणाली होती, "ही चोरटी मेली की मी सुटले. मग रविवारी घरीच पडून राहीन." वेल्डरने ते ऐकलं होतं. चिलखत उतरवायला आता वेळ नव्हता. गोष्टीत तिची बोटं सुटत चालली होती.

लेकीने हळूच म्हटलं, "बाबा, ह्या वेळी नियम बाजूला राहू दे."

"मला फुकटची दोरी नको," मेहुणी म्हणाली. "टाका फासे, भावोजी."

त्याने हातमोज्यासकटच टाकले. अठ्ठावीस.

लेकीने गोष्ट पुढे नेली, चोरटी पाण्यात गेली, पाणी शांत झालं. मेहुणीने पर्स खांद्याला अडकवली, दाराशी जाऊन चपलेत पाय घातले. मग वळून म्हणाली, "झालं ना, भावोजी? आता मी इथे येऊन करू काय?"

वेल्डर हातमोजा ओढून काढत होता. म्हणाला, "माझा जादूगार तू घे. तुझे हात मोकळे आहेत. मी आपलं चिलखत घालून तुझ्या पुढे उभा राहीन, मला तेवढंच येतं."