शिंगांचा रंग आणि गोल्फची गाडी

आमच्या घराण्यात आजवर कोणीही गोल्फ खेळलेलं नाही. तरीही मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी, अंगणात उकिडवा बसून, गोल्फची गाडी रंगवत होतो. त्या गाडीचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं!

ही पीडा धुळ्याच्या दाजींनी आणली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुनी वाहनं घेऊन विकणं हा त्यांचा धंदा, आणि न खपलेली नातेवाइकांच्या गळ्यात मारणं हा छंद. आमच्या आबांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे वर्षभर रुसलेले. खाट ते ओटा, ओटा ते खाट, एवढंच चालणं. पण नवरदेव मारुतीच्या पारावर आला की त्याला सामोरं जायला घरातलं थोरलं माणूस लागतं, आणि नातीच्या लग्नातला तो मान आबा कुणाला सोडणार नव्हते. खुर्चीवर उचलून नेतो म्हटलं तर खेकसले, "मी काय मरेल शे का, खांदा देवाले?"

म्हणून दाजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून ही बॅटरीवरची गाडी आणली. गाडी झकास चालत होती. फक्त तिच्या दोन्ही बाजूंना हातभर उंचीचा दारूचा ग्लास रंगवलेला होता. आत बर्फ, कडेला लिंबाची चकती!

आबांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "या गिलासले टेकीसन मी नवरदेवले घेवाले जाऊ? बठ्ठा गाव हसी! मी नही बसाव."

"रंगवून टाकू की आबा, त्यात काय एवढं!" असं कोण म्हणालं? मी! ज्याने बँकेत शिक्क्याच्या शाईपलीकडे कुठल्याच रंगाला हात लावला नव्हता!

आधी ग्लास पुसावा म्हणून मी थिनर ओतलं. प्लास्टिकला थिनर सोसत नाही हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. (बायकोने सांगितलं होतं. पण मी तेव्हा कामात होतो.) प्लास्टिक काकवीसारखं चिकट झालं आणि ग्लास पुसला जायच्याऐवजी पसरला. एकाचे तीन दिसायला लागले!

बायको मेंदीचे हात वर धरून बाहेर आली. "झालं समाधान? एक होता, तुम्ही तर अख्खी बैठक बसवलीत!"

आता रंग कुठला? आबा खाटेवरून ओरडले, "पोळाना रंग शे ना कोठीमा! बैलसना शिंगडासले लावतंस तोच लाय. पानीमाबी जास नही तो!"

मला पटलं. शिंगही गुळगुळीत, प्लास्टिकही गुळगुळीत! आधी घासणं, मग अस्तर मारणं, असले चोचले आमच्या बैलांनी कधी मागितले नव्हते. मी दणादण गुलाबी फासत सुटलो. गुलाबी मागच्या चाकापाशी संपला, तिथून पुढे हिरवा. पाटीसारख्या मागच्या सपाट फळीवर तर मी दोन्ही डब्यांचे तळ निपटून ओतले.

एवढ्यात वारा सुटला आणि मांडववाल्याच्या ट्रॅक्टरने धुळीचा लोट उडवला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून मी गाडी ढकलत मोठ्या खोलीत नेली. या खोलीत भाव चढायची वाट बघत आमचा कापूस पडून होता, आढ्यापर्यंत. दाजींना फोन लावला.

"दाजी, रंग वाळत नाहीये हो!"

"मंग पंखा लायी दे ना भो! घडीभरमा बठ्ठं वाळी जाई."

मी दोन्ही पंखे पाचावर सोडले, दार ओढून घेतलं आणि मुलीच्या हळदीला गेलो.

परत येऊन दार उघडलं तर समोर मेंढी उभी! छतापासून चाकापर्यंत पांढरी, केसाळ मेंढी, आणि लोकरीखालून थोडी गुलाबी त्वचा. मी चिडून एक मूठ कापूस उपटला. त्याच्याबरोबर वीतभर रंगही सालीसारखा निघून आला, आणि खाली ग्लास! बर्फासकट!

"दाजी, खोलीत कापूस आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी फोनवर किंचाळलो.

"आन् रंग वल्ला शे हाई तुले माहीत नव्हतं?"

मी दाजींवर ओरडलो, पंख्यावर ओरडलो, कापसावर ओरडलो. मग वाकून वाकून लोकर उपटत बसलो, ती काही संपेना आणि पाठ मात्र धरली.

सकाळी आबा कोरं धोतर नेसून, फेटा बांधून ओट्यावर आले. गाडीकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले. "गधडा! बँकवाला! तुले शिंगडंबी रंगाडता येत नही! मी पायी जासू!"

आणि काठी आपटत आबा खरोखर निघाले! डॉक्टरांनी विनवण्या केल्या, तेलं झाली, काढे झाले, तेव्हा हा माणूस अंगण ओलांडायला तयार नव्हता. आता एकेक पाऊल टाकत होता आणि प्रत्येक पावलाला मला एक शिवी हासडत होता. मला राग येत होता, रडू येत होतं आणि ते पडतील म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. आबा थकलेच तर असावी म्हणून, सकाळीच लग्नाला पोचलेले दाजी मागून मेंढी हाकत आले. माझ्या पाठीत उसण भरली, तसा मी त्या मागच्या फळीवर टेकलो.

आबा पारावर पोचले. घामाने निथळत त्यांनी नवरदेवाच्या डोक्यावर हात ठेवला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. वाजंत्री थांबली आणि व्याही भेटीसाठी दोन्ही हात पसरून माझ्याकडे आले.

मी उठायला गेलो. पँट उठेना!

"अहो, उठा ना!" बायको दातओठ खात पुटपुटली.

"चिकटलोय!"

सगळं वऱ्हाड बघत होतं. मुलीचा बाप बसलेला आणि मुलाचा बाप हात पसरून उभा! शेवटी त्या भल्या माणसाने वाकून मला मेंढीसकट मिठी मारली, आणि त्यांच्या नव्या कोटाला छातीभर लोकर आली. आता मुलीला भेटायला तिच्या सासरी गेलो की तिथली पोरंटोरं आधी मला खुर्ची आणून देतात आणि मग मी उठतो का, ते बघत उभी राहतात.